डेटाबेसची कनेक्शन सेटिंग्ज: कॉन्फिग फाइलीत काय ठेवायचं आणि काय बाहेर काढायचं?

गारगोटी (धागाकर्ता)

एका नव्या अॅप्लिकेशनची मांडणी ठरते आहे. स्प्रिंग बूट (जावाची चौकट), मागे पोस्टग्रेस डेटाबेस. डेव्हलपमेंट, टेस्ट आणि प्रॉडक्शन अशी तीन एन्व्हायर्नमेंट्स. प्रॉडक्शनमध्ये अॅपच्या चार प्रती लोड बॅलन्सरमागे. होस्ट, पोर्ट, डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड, पूलचा (उघडून ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्याचा) आकार, टाइमआउट, एसएसएल मोड ही सगळी मंडळी सहसा एकाच यॅमल (सेटिंग्ज लिहायचा मजकुरी नमुना) फाइलीत शेजारी शेजारी बसलेली असतात.

माझं मत असं की कॉन्फिग फाइल ही मुळात वाईट जागा नाही. अडचण होते ती दोन वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी एकत्र ठेवल्याने. पण रेघ नेमकी कुठे मारायची, पासवर्ड बाहेर काढला तर तो कुठून आणि कसा द्यायचा, आणि पासवर्ड बदलायची वेळ आली की अॅप बंद न करता ते कसं जमवायचं, या तीन बाबतींत जाणकारांची मतं हवी आहेत. स्प्रिंगपुरतंच बोलायला हवं असं नाही. डॉटनेट, पीएचपी, पायथनवाल्यांनीही लिहा.

अर्धविराम

चांगला विषय. रेघ मारायला ट्वेल्व्ह-फॅक्टर पद्धतीतली कसोटी पुरेशी आहे: हा रेपो (कोडचं गिटमधलं भांडार) आत्ता, या क्षणी जगाला खुला केला तर कशाने नुकसान होईल? ज्याने होईल ते बाहेर.

या हिशोबाने पूलचा आकार, टाइमआउट, स्कीमाचं नाव, एसएसएल मोड हे सगळं रेपोतच हवं. ते कोडबरोबर बदलतं, त्यावर रिव्ह्यू व्हायला हवा, आणि कोणी कधी का बदललं हे गिटमध्ये दिसायला हवं. होस्ट आणि डेटाबेसचं नाव एन्व्हायर्नमेंटप्रमाणे बदलतं, पण ते गुपित नाही. प्रोफाइलच्या फाइलीत चालतं. पासवर्ड मात्र फाइलीत नको. तिथे फक्त डॉलर आणि महिरपी कंसातला प्लेसहोल्डर (खरी किंमत बाहेरून येईपर्यंतची जागा), म्हणजे डीबी_पासवर्ड हे नाव.

आणि त्या प्लेसहोल्डरला कोलन लावून डीफॉल्ट किंमत देऊ नका. डीफॉल्ट दिली की प्रॉडक्शनमध्ये व्हेरिएबल सेट करायचं राहिलं तरी अॅप डेव्हलपमेंटचाच पासवर्ड घेऊन पुढे जातं. होस्टलाही लोकलहोस्ट अशी डीफॉल्ट असेल आणि त्या मशीनवर खरंच एखादा डेटाबेस चालू असेल, तर अॅप चक्क सुरू होतं आणि भलत्याच ठिकाणी लिहायला लागतं. त्यापेक्षा सुरू होतानाच पडलेलं बरं.

सुतारपक्षी

अर्धविराम, मुद्दा पटला, पण एक बारकावा जोडतो. डीफॉल्ट नसलेला प्लेसहोल्डर सापडला नाही तर स्प्रिंग नेहमीच स्पष्ट तक्रार करतं असं नाही. व्हॅल्यू अॅनोटेशनमध्ये करतं. पण स्प्रिंग डॉट डेटासोर्स खालच्या प्रॉपर्टीज बाइंड होताना न सापडलेला प्लेसहोल्डर जसाच्या तसा मजकूर म्हणून पुढे जातो. म्हणजे डॉलर, महिरपी कंस, डीबी_पासवर्ड, कंस बंद, एवढी अक्षरं हाच पासवर्ड समजून पोस्टग्रेसकडे पाठवली जातात. लॉगमध्ये दिसतं ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’, आणि माणसं डेटाबेसच्या बाजूला युजर तपासत बसतात. यूआरएलच्या बाबतीत निदान ड्रायव्हर म्हणतो की हा जेडीबीसी यूआरएल मला मान्य नाही, आणि त्या ओळीत तो कंस दिसतो. पासवर्ड छापला जात नाही, त्यामुळे तिथे काहीच कळत नाही.

उपाय सोपा. अॅप सुरू होताना एक छोटी तपासणी लिहा: पासवर्ड रिकामा आहे का, किंवा डॉलर-कंसाने सुरू होतो का. असेल तर कोणतं व्हेरिएबल मिळालं नाही ते नावानिशी सांगून थांबा. त्याच ठिकाणी होस्ट, पोर्ट, डेटाबेस आणि युजर लॉगमध्ये छापा. पासवर्ड कधीच नाही.

तिसरी_घंटा

इतका विचार कशाला? सगळंच एन्व्ह व्हेरिएबलमध्ये (अॅप सुरू करताना बाहेरून दिलेली नाव-किंमत जोडी) टाका. कुठल्याही भाषेत चालतं, कंटेनरमध्ये चालतं, फाइल सांभाळायची कटकट नाही.

उलटतपासणी

तिसरी_घंटा, कटकट नाही हे खरं, पण एन्व्ह व्हेरिएबल म्हणजे तिजोरी नव्हे. ते कुठे कुठे दिसतं बघा.

लिनक्सवर प्रोसेसचं सुरुवातीचं एन्व्हायर्नमेंट /प्रॉक मधल्या त्या पीआयडीच्या एन्व्हायरॉन फाइलीत असतं. त्याच युजरची दुसरी प्रोसेस किंवा रूट ते वाचू शकतात. डॉकर इन्स्पेक्ट केलं की सगळी व्हेरिएबल्स साध्या अक्षरांत समोर येतात, म्हणजे ज्याला डॉकर चालवायची परवानगी त्याला पासवर्ड दिसला. अॅपने एखादी बाहेरची कमांड चालवली की तिला ती आपोआप वारशाने मिळतात. क्रॅश रिपोर्ट गोळा करणारी कित्येक साधनं अख्खं एन्व्हायर्नमेंट उचलून पाठवतात. पीएचपीइन्फोचं पान चुकून उघडं राहिलं तर त्यातही दिसतात.

सिस्टमडी (लिनक्सवर सेवा चालवणारी प्रणाली) वापरत असाल तर आणखी एक गोष्ट: युनिट फाइलीत एन्व्हायर्नमेंट या ओळीने थेट दिलेली किंमत मशीनवरच्या कोणत्याही साध्या युजरला सिस्टमसीटीएल शो करून वाचता येते. युनिट फाइलीचे परवाने कितीही घट्ट केले तरी. एन्व्हायर्नमेंटफाइल ही ओळ वापरून वेगळ्या फाइलीचा पत्ता दिलात तर निदान एवढं टळतं. त्याहून चांगलं म्हणजे लोडक्रेडेन्शियल, आवृत्ती २४७ पासून आहे. ते पासवर्ड एका खास डिरेक्टरीत फाइल म्हणून ठेवतं आणि तिचा पत्ता क्रेडेन्शियल्स_डिरेक्टरी या व्हेरिएबलमधून सेवेला देतं. व्हेरिएबलमध्ये फक्त पत्ता, किंमत नाही.

मेघमल्हार

उलटतपासणी यांच्याशी सहमत. मी तर म्हणेन की पासवर्डसाठी वेगळी, एकाच किमतीची छोटी फाइल हाच सर्वांत समजायला सोपा मार्ग आहे. मालक रूट, गट अॅपचा, परवानगी ६४०. अॅप वाचू शकतं, बदलू शकत नाही. बाकी कोणी वाचूही शकत नाही. डॉकर सीक्रेट्स हेच करतात, /रन/सीक्रेट्स मध्ये फाइली येतात. पोस्टग्रेसची अधिकृत इमेजही पोस्टग्रेस_पासवर्ड_फाइल हे व्हेरिएबल समजते, ज्यात पासवर्डऐवजी फाइलीचा पत्ता द्यायचा असतो.

पण फाइल बनवताना शेवटच्या नव्या ओळीकडे लक्ष द्या. एको करून फाइलीत लिहिलं की शेवटी एक न्यूलाइन चिकटते. काही लायब्रऱ्या ती कापतात, काही नाही. न कापणाऱ्याने ती पासवर्डचाच भाग मानली की प्रवेश नाकारला जातो, आणि फाइल उघडून बघितली तर पासवर्ड अगदी बरोबर दिसतो! प्रिंटएफ वापरून लिहा आणि डब्ल्यूसी -सी ने बाइट मोजा. ३२ अक्षरांच्या पासवर्डला ३२ च बाइट आले पाहिजेत.

कुबरनेटीसमध्ये (कंटेनर सांभाळणारी प्रणाली) हाच प्रकार बेस६४ करताना होतो. एको मधून बेस६४ मध्ये पाइप केलं की न्यूलाइनसकट एन्कोड होतं. एको -एन द्या.

पाणकोंबडी

आणि विंडोजवर लिहिलेली डॉट एन्व्ह फाइल लिनक्सवर नेली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न राहतो. डोळ्यांना दिसत नाही. कॅट -ए केलं की ओळीच्या शेवटी ^एम दिसतं. जुन्या नोटपॅडने फाइलीच्या सुरुवातीला बीओएम (न दिसणारी खूण) घातला असेल तर पहिल्याच व्हेरिएबलचं नाव बिघडतं आणि बाकीची सगळी व्यवस्थित चालतात. पहिलंच का सापडत नाही म्हणून डोकं धरायची वेळ येते.

चकवा

पासवर्डमधल्या खास चिन्हांबद्दल सविस्तर लिहितो, कारण ‘कालपर्यंत चालत होतं, पासवर्ड बदलला आणि बंद पडलं’ यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं. तोच पासवर्ड प्रत्येक फाइलीत वेगळ्या तऱ्हेने लिहावा लागतो.

यूआरएलच्या रूपात स्ट्रिंग असेल तर @, :, /, # आणि % ही चिन्हं पर्सेंट-एन्कोड करायलाच हवीत. @ चं %४०, # चं %२३, आणि खुद्द % चं %२५. एन्कोड न केलेला # आला की त्याच्या पुढचा सगळा भाग यूआरएलचा तुकडा समजून गळतो.

यॅमलमध्ये पासवर्ड नेहमी एकेरी अवतरणात. अवतरण नसेल तर मोकळ्या जागेनंतरचा # टिप्पणी ठरतो, @ किंवा % ने सुरुवात झाली तर फाइल वाचलीच जात नाही, * ने सुरुवात झाली तर तो अलायस समजला जातो. नुसत्या आकड्यांचा पासवर्ड असेल आणि सुरुवातीला शून्य असेल तर आणखी गंमत: यॅमल १.१ प्रमाणे ०१२३ हा अष्टमान आकडा ठरतो आणि अॅपच्या हातात ८३ पडतं.

एक्सएमएलमध्ये & आणि < साठी एंटिटी लिहाव्या लागतात. जावाच्या प्रॉपर्टीज फाइलीत बॅकस्लॅश दोनदा. पायथनच्या कॉन्फिगपार्सरमध्ये % दोनदा, कारण एकटा % तो इंटरपोलेशन समजतो. डॉकर कंपोजच्या यॅमलमध्ये डॉलर दोनदा. आणि डॉकर रनला एन्व्ह-फाइल दिली तर त्यातली अवतरणचिन्हं काढली जात नाहीत, ती किमतीचा भाग होतात. तीच फाइल कंपोजने वाचली तर काढली जातात. एकच फाइल, दोन वेगळे पासवर्ड.

एसक्यूएल सर्व्हरच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये अर्धविरामाने एक जोडी संपते, म्हणून पासवर्डमध्ये अर्धविराम असेल तर पूर्ण किंमत अवतरणात टाकावी लागते.

पाणकोंबडी

म्हणजे अर्धविराम आले की जोडणी तुटते तर! :-)

अर्धविराम

अवतरणात ठेवलं तर मी कोणाला त्रास देत नाही :-)

चकवा, प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. पण मग पासवर्डमध्ये ही चिन्हं घ्यायचीच कशाला? हा पासवर्ड माणूस टाइप करत नाही, लक्षात ठेवत नाही. लहान-मोठी रोमन अक्षरं आणि आकडे मिळून ६२ चिन्हं होतात. त्यातली यदृच्छेने निवडलेली ३२ घेतली तर साधारण १९० बिटांची ताकद मिळते, कोणालाही अंदाजाने शोधणं अशक्य. किंवा ओपनएसएसएलच्या रँड कमांडला हेक्स पर्याय आणि ३२ हा आकडा द्या. ६४ अक्षरांचा पासवर्ड येतो, २५६ बिट. कुठल्याही फाइलीत, कुठल्याही शेलमध्ये काहीही एस्केप न करता बसतो. लांबी वाढवा, चिन्हं सोडा.

चकवा

तुमच्या हातात असेल तर नक्कीच. पण कित्येक ठिकाणी पासवर्डच्या नियमात एक तरी खास चिन्ह सक्तीचं असतं. तसं असेल तर अंडरस्कोर किंवा हायफन निवडा. वरच्या कुठल्याही फाइलीत ते अडत नाहीत. फक्त हायफन सुरुवातीला नको, नाहीतर कमांडच्या ओळीत तो पर्याय समजला जाईल.

खडूफळा

पीएचपीच्या बाजूने. लॅराव्हेलमध्ये डॉट एन्व्ह फाइल प्रोजेक्टच्या मुळाशी असते आणि वेब सर्व्हरचं डॉक्युमेंट रूट त्याखालच्या पब्लिक फोल्डरवर असायला हवं. ते चुकून मुळावरच ठेवलं की ब्राउझरमध्ये /डॉट एन्व्ह टाकणाऱ्या कोणालाही सगळं वाचता येतं. हा पत्ता चाचपणारे बॉट इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात. कुठल्याही सर्व्हरचा अॅक्सेस लॉग उघडा, दिसतील.

दुसरं, कॉन्फिग कॅश. आर्टिसनने (लॅराव्हेलचं कमांड साधन) कॉन्फिग कॅश केलं की डॉट एन्व्ह वाचलीच जात नाही. मग कॉन्फिग फाइलींच्या बाहेर कुठे थेट एन्व्ह फंक्शन वापरलं असेल तर तिथे नल मिळतं. म्हणून एन्व्ह फक्त कॉन्फिग फोल्डरमधल्या फाइलींत, बाकी सगळीकडे कॉन्फिग फंक्शन. पासवर्ड बदलला तर कॅश पुन्हा बनवायची. आणि ती कॅशची फाइल, बूटस्ट्रॅप/कॅश मधली, तिच्यात पासवर्ड साध्या अक्षरांत असतो हे ध्यानात ठेवा. डॉट एन्व्हला जपायचं आणि कॅशची फाइल इमेजमध्ये बांधून द्यायची, असं होता कामा नये.

वर्डप्रेसमध्ये डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल वेब रूटच्या एक पायरी वर ठेवता येते, त्या वरच्या डिरेक्टरीत दुसरं वर्डप्रेस नसेल तर. तिच्या प्रती मात्र घातक. एडिट करण्याआधी कोणीतरी डॉट बॅक लावून कॉपी करतं. डॉट पीएचपी संपलेली फाइल सर्व्हर चालवतो, म्हणून आतला मजकूर दिसत नाही. डॉट बॅक ने संपलेली फाइल बहुतेक मांडण्यांत साधा मजकूर म्हणून जशीच्या तशी पाठवली जाते. विमची स्वॅप फाइलही तशीच.

मेघमल्हार

गिटबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. फाइल आधीच ट्रॅक होत असेल तर नंतर गिटइग्नोरमध्ये नाव घालून उपयोग नाही. गिट आरएम ला कॅश्ड पर्याय देऊन इंडेक्समधून काढावी लागते. आणि पासवर्ड एकदा कमिट होऊन सर्व्हरवर गेला की तो फुटला असंच समजायचं. पहिलं काम पासवर्ड बदलणं. इतिहास साफ करणं, फिल्टर-रेपो वगैरे, हे नंतर आणि ऐच्छिक. कारण ज्यांनी आधी क्लोन केलंय त्यांच्याकडे तो राहणारच. लोक आधी इतिहास पुसत बसतात आणि तोपर्यंत पासवर्ड चालूच असतो.

डॉकर इमेजमध्येही तेच. एका लेयरमध्ये कॉपी केलेली फाइल पुढच्या लेयरमध्ये डिलीट केली तरी आधीच्या लेयरमध्ये शाबूत असते. बिल्ड आर्ग्युमेंटने दिलेली किंमत डॉकर हिस्टरीत दिसते.

निळाशार

डॉटनेटवाल्यांसाठी. जुन्या एएसपी डॉटनेटमध्ये वेब डॉट कॉन्फिगमधला कनेक्शनस्ट्रिंग्ज विभाग एएसपीनेट_रेगआयआयएस या साधनाने एन्क्रिप्ट करता येतो. कोड बदलावा लागत नाही, रनटाइम स्वतः उलगडतो. पण किल्ली त्या मशीनची असते. फाइल दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी केली तर उघडत नाही. वेब फार्ममध्ये आरएसए की कंटेनर बनवून, एक्स्पोर्ट करून प्रत्येक सर्व्हरवर आणावा लागतो आणि अॅप पूलच्या ओळखीला तो वाचायची परवानगी द्यावी लागते. ही परवानगीच बहुधा राहते.

नव्या डॉटनेटमध्ये क्रम लक्षात ठेवा: आधी अॅपसेटिंग्ज डॉट जेसन, मग एन्व्हायर्नमेंटच्या नावाची जेसन, मग डेव्हलपमेंटमध्ये युजर सीक्रेट्स, मग एन्व्ह व्हेरिएबल्स, शेवटी कमांडच्या ओळीतले पर्याय. नंतरचा आधीच्याला झाकतो. व्हेरिएबलच्या नावात विभाग वेगळे करायला दोन अंडरस्कोर लागतात. एकच दिला तर काही तक्रार येत नाही, नुसतं दुर्लक्ष होतं. युजर सीक्रेट्स एन्क्रिप्ट केलेले नसतात, फक्त रेपोच्या बाहेर असतात. ते डेव्हलपरच्या मशीनपुरतेच.

आणि मायक्रोसॉफ्ट डॉट डेटा डॉट एसक्यूएलक्लायंटच्या ४.० आवृत्तीपासून एन्क्रिप्ट ही सेटिंग आपोआप चालू असते. सर्व्हरचं सर्टिफिकेट विश्वासार्ह नसेल तर पॅकेज अपग्रेड केल्यावर जोडणीच होत नाही. मग सगळीकडे ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट ट्रू लिहिण्याचा सल्ला मिळतो. तो प्रॉडक्शनमध्ये घेऊ नका, त्याने तपासणीच बंद होते. योग्य सर्टिफिकेट बसवा.

उलटतपासणी

निळाशार, एन्क्रिप्ट केलेल्या कॉन्फिगबद्दल एवढंच म्हणेन की ज्याच्या हाती तो सर्व्हर आहे त्याच्यासाठी ते कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवल्यासारखं आहे. बॅकअपमधून किंवा रेपोतून फाइल गेली तर उपयोग होतो, आणि तो उपयोग खरा आहे. त्यापुढे नाही. कुबरनेटीस सीक्रेटला तर एवढंही लागू होत नाही: बेस६४ हे एन्क्रिप्शन नाहीच. ईटीसीडीमध्ये (कुबरनेटीसचा स्वतःचा साठा) साठवताना एन्क्रिप्ट करायचं वेगळं सेट करावं लागतं.

एसएसएलचा विषय निघालाच आहे तर पोस्टग्रेसचंही बघा. एसएसएलमोड न लिहिल्यास तो प्रेफर असतो, म्हणजे जमलं तर एन्क्रिप्ट, नाहीतर गपचूप साधी जोडणी. रिक्वायर लिहिलं तर एन्क्रिप्ट नक्की होतं, पण समोरचा सर्व्हर खरा कोण आहे हे तपासलं जात नाही. सर्टिफिकेट आणि होस्टचं नाव दोन्ही पडताळायला व्हेरिफाय-फुल आणि सोबत रूट सर्टिफिकेटचा पत्ता लागतो. ही ओळ रेपोतल्या फाइलीत असावी, कारण ती कोणी ढिली केली तर रिव्ह्यूमध्ये दिसली पाहिजे.

सुतारपक्षी

सगळे पासवर्डवर बोलताहेत, पण प्रॉडक्शन पाडण्याची ताकद पूलच्या आकड्यांत जास्त आहे. गारगोटी, तुमच्या मांडणीवर हिशोब करून दाखवतो.

पोस्टग्रेसचं मॅक्स_कनेक्शन्स मुळात १०० असतं, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव. उरली ९७. हिकारीचा (स्प्रिंग बूटमधली पूल सांभाळणारी लायब्ररी) पूल मुळात १० चा. चार प्रती म्हणजे ४०. ठीक. पण रोलिंग डिप्लॉयमध्ये नवी प्रत उभी राहून जुनी मरेपर्यंत दोन्ही जोडण्या धरून असतात. चारही एकदम बदलल्या तर ८०. अजूनही ठीक. आता कोणीतरी ‘हळू चालतंय’ म्हणून पूल २० केला. रोज ८०, सगळं सुरळीत. डिप्लॉयच्या दिवशी १६०, आणि लॉगमध्ये उरलेल्या जागा राखीव असल्याची किंवा ‘टू मेनी क्लायंट्स’ ची तक्रार. नवीन कोडमध्ये दोष नसताना डिप्लॉय फसतो. मायएसक्यूएलला ही मर्यादा मुळात १५१ आहे, तर्क तोच. रिपोर्टिंग, मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणं), मॉनिटरिंग यांच्या जोडण्याही याच ९७ मधून जातात.

म्हणून फाइलीत पूलच्या आकड्याशेजारी टिप्पणीत हा गुणाकार लिहून ठेवा. टिप्पणी असेल तर पुढचा माणूस नुसता आकडा वाढवणार नाही.

दुसरा आकडा मॅक्स-लाइफटाइम. हिकारीत मुळात ३० मिनिटं. मधल्या फायरवॉलची किंवा डेटाबेसची निष्क्रिय जोडणी तोडायची मुदत जी असेल तिच्यापेक्षा हा आकडा कमी हवा. मायएसक्यूएलचं वेट_टाइमआउट २८८०० सेकंद, म्हणजे आठ तास असतं, पण होस्टिंगवाले ते बरंच कमी ठेवतात. तपासून मगच लिहा. नाहीतर रात्रभर शांत असलेलं अॅप सकाळी पहिल्या काही विनंत्यांना तुटलेली जोडणी देतं.

निळाशार

सुतारपक्षी यांच्या हिशोबात भर: डॉटनेटमध्ये पूल कनेक्शन स्ट्रिंगच्या तंतोतंत मजकुरावर बनतो. कीवर्डचा क्रम बदलला तरी वेगळा पूल, आणि प्रत्येक पूलची मुळातली कमाल १००. दोन मॉड्यूल्सनी तीच स्ट्रिंग वेगळ्या क्रमाने लिहिली तर मर्यादा दुप्पट झाली. स्ट्रिंग एकाच ठिकाणी लिहा.

खडूफळा

लोकलहोस्टबद्दल एक छोटी नोंद. पीएचपी आणि मायएसक्यूएलचा स्वतःचा क्लायंट लोकलहोस्ट म्हटलं की युनिक्स सॉकेटने जातात, १२७.०.०.१ म्हटलं की टीसीपीने. पोर्ट बदलूनही जुन्याच सर्व्हरला जोडणी होत असेल तर हे कारण. आणि कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, डेटाबेसचा नव्हे. तिथे सर्व्हिसचं नाव लिहायचं.

गारगोटी

सर्वांचे मनापासून आभार, अपेक्षेपेक्षा खूप जास्त मिळालं. आतापर्यंतच्या चर्चेवरून ठरवलेली मांडणी अशी: मूळ यॅमलमध्ये पूल, टाइमआउट, व्हेरिफाय-फुल, प्रोफाइलच्या यॅमलमध्ये होस्ट आणि डेटाबेस, पासवर्ड एका फाइलीत, आणि ती स्प्रिंगच्या कॉन्फिगट्री इम्पोर्टने वाचायची.

तिसरा प्रश्न मात्र राहिला. चालत्या अॅपखाली पासवर्ड कसा बदलायचा?

मेघमल्हार

कॉन्फिगट्री उत्तम. फाइलीचं नाव हीच प्रॉपर्टी होते, म्हणजे स्प्रिंग डॉट डेटासोर्स डॉट पासवर्ड या नावाची फाइल ठेवलीत तर प्लेसहोल्डरही लागत नाही. शेवटची न्यूलाइन ते स्वतः काढतं. इम्पोर्टच्या आधी ऑप्शनल लिहू नका, म्हणजे डिरेक्टरी नसेल तर अॅप सुरूच होणार नाही.

पासवर्ड बदलण्याबद्दल आधी हे समजून घ्या: डेटाबेसमध्ये पासवर्ड बदलला तरी आधी उघडलेल्या जोडण्या तुटत नाहीत. पासवर्ड फक्त नवी जोडणी उघडताना तपासला जातो. म्हणून बदलल्यावर दहा मिनिटं सगळं हिरवं दिसतं, माणूस निश्चिंत होतो, आणि अर्ध्या तासाच्या आत मॅक्स-लाइफटाइम संपलेल्या जोडण्या एकेक करून मरायला लागल्या की नव्या उघडत नाहीत आणि पूल आटत जातो. त्यामुळे ‘बदललं, चालतंय’ यावर तीस मिनिटांच्या आत विश्वास ठेवू नका.

पोस्टग्रेसमध्ये एका रोलला (युजरच्या खात्याला) एकच पासवर्ड असतो, म्हणून दोन लॉगिन रोल ठेवा, अॅप_अ आणि अॅप_ब. दोघांनाही लॉगिन नसलेल्या एका अॅप रोलचं सदस्यत्व द्या, सगळे हक्क त्या अॅप रोललाच. समजा अॅप_अ वापरात आहे. अॅप_ब ला नवा पासवर्ड द्या, फाइलीतलं युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही बदला, चारही प्रती एकेक करून रीस्टार्ट करा. पीजी_स्टॅट_अॅक्टिव्हिटीमध्ये अॅप_अ ची एकही जोडणी उरली नाही हे बघा आणि मगच अॅप_अ ला नोलॉगिन करा. पुढच्या वेळी उलट. म्हणजे युजरनेमही पासवर्डच्या शेजारी, त्याच डिरेक्टरीत हवं; प्रोफाइलच्या यॅमलमध्ये नको.

मायएसक्यूएलला ८.०.१४ पासून एकाच युजरला तात्पुरते दोन पासवर्ड ठेवता येतात: ऑल्टर युजर करताना रिटेन करंट पासवर्ड, सगळ्या प्रती नव्यावर आल्या की डिस्कार्ड ओल्ड पासवर्ड.

उलटतपासणी

पासवर्ड बदलताना पीएसक्यूएलमधली बॅकस्लॅश-पासवर्ड कमांड वापरा. ती हॅश क्लायंटवरच बनवून पाठवते. ऑल्टर रोल हाताने लिहिलंत तर नवा पासवर्ड पीएसक्यूएलच्या हिस्टरी फाइलीत जातो, आणि लॉग_स्टेटमेंट डीडीएल असेल तर सर्व्हरच्या लॉगमध्येही साध्या अक्षरांत.

कुबरनेटीसवर असाल तर सीक्रेट व्हॉल्यूम म्हणून माउंट करा. थोड्या वेळाने फाइल आपोआप नवी होते. एन्व्ह व्हेरिएबल म्हणून दिलं असेल तर पॉड रीस्टार्ट होईपर्यंत जुनंच राहतं. सबपाथने माउंट केलेली फाइलही बदलत नाही.

सुतारपक्षी

मेघमल्हार, दोन रोलच्या पद्धतीत एक खाच आहे. अॅप_अ ने टेबल बनवलं तर त्याची मालकी अॅप_अ कडे जाते आणि अॅप_ब ला ते बदलता येत नाही. पण अॅपने टेबल बनवावंच कशाला? मायग्रेशनला वेगळा युजर द्या. फ्लायवे (मायग्रेशनचं साधन) वापरत असाल तर स्प्रिंग डॉट फ्लायवे खाली युजर आणि पासवर्ड वेगळे लिहिता येतात. अॅपच्या रोलला सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट आणि सीक्वेन्सवर युसेज, बस. पुढे बनणाऱ्या टेबलांसाठी ऑल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस मायग्रेशनच्या रोलसाठीच चालवा. दुसऱ्या रोलने चालवलं तर नव्या टेबलांना ते लागू होत नाही आणि पहिल्या नव्या टेबलावर ‘परमिशन डिनाइड’ येतं.

तिसरी_घंटा

चर्चेनंतर पासवर्डपुरतं फाइलीच्या बाजूने मत झालं आहे. बाकी सेटिंग्जसाठी एन्व्ह व्हेरिएबलच सोयीचं, यावर ठाम :-)

गारगोटी

मेघमल्हार, सुतारपक्षी, उत्तर मिळालं. युजरनेम पासवर्डसोबत हलवतो आणि फ्लायवेला वेगळा रोल देतो. एकच शेवटचं: रात्री ठरल्या वेळी आपोआप बॅकअप घेणाऱ्या पीजी_डंपच्या क्रॉनला पासवर्ड कसा द्यावा? स्क्रिप्टमध्ये तर नकोच.

चकवा

पीजीपास फाइल. बॅकअप चालवणाऱ्या युजरच्या होम डिरेक्टरीत, एका ओळीत होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर, पासवर्ड, मध्ये कोलन. पासवर्डमध्येच कोलन किंवा बॅकस्लॅश असेल तर आधी बॅकस्लॅश. परवानगी ६०० च हवी. गटाला किंवा इतरांना जराही वाचता येत असेल तर लिबपीक्यू (पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी) इशारा देऊन फाइल दुर्लक्षित करतं. क्रॉनमध्ये होम वेगळं असेल तर पीजीपासफाइल व्हेरिएबलमध्ये पूर्ण पत्ता द्या. पीजी_डंपला -डब्ल्यू चा लहान अक्षरातला पर्याय लावा, म्हणजे फाइल सापडली नाही तर तो पासवर्ड विचारत अडकून न पडता लगेच चूक देऊन बाहेर पडेल. आणि या युजरला फक्त वाचायचे हक्क द्या. पोस्टग्रेस १४ पासून त्यासाठी पीजी_रीड_ऑल_डेटा हा तयार रोल आहे.